तांबू ट्रॉलीत चढेना

“ट्रॉली जोडून झाली की चार पावलं बाजूला हो आणि आडवी नजर टाक. सपाट दिसली तरच चावी फिरव. मागे उभं असतं त्याला तोंड उघडून सांगता येत नाही, बाळा.”

वडील हे सांगायचे तेव्हा पिकअप त्यांची होती. आता ती धाकट्याची होती, आणि त्याने नुकतीच ती चांगली वीतभर उंच करून घेतली होती. खाली लिफ्ट किट, त्यावर ट्रॅक्टरला शोभावेत असे टायर. गॅरेजवाल्याने बजावलं होतं, “गाडीबरोबर मागचा ट्रॉलीचा हूकही वर गेलाय. खाली उतरता हूक मागवलाय, तो बसेपर्यंत काही ओढू नकोस.” पण नव्या टायरांवर बसलेल्या माणसाच्या कानात असलं काही शिरतं थोडंच!

ताईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. ती बरी होईपर्यंत तिची गाय तांबू टेकडीपलीकडे मावशीच्या गोठ्यात पोचवायचा शब्द त्यानेच दिला होता. ठरल्या सकाळी तो ऐटीत दारात आला. ताईने दुखरा पाय उचलला, पायरीचा अंदाज घेतला आणि पाय परत खाली ठेवला.

“अरे, ही गाडी आहे की माळा? मी चढू कशी?”

“शिडी आणू का?” तो हसला. “तू राहा घरी. मी नेतो तिला.”

तांबूला चढवून ट्रॉली जोडली, तर ट्रॉलीचं तोंड आभाळाकडे आणि बूड जमिनीकडे. त्याला ते दिसलं. दिसलं नाही म्हणायची सोयच नव्हती. पण चौकातले मित्र गाडी बघायला थांबले होते. त्याने चावी फिरवली.

टेकडीच्या चढावर मागे धाडकन आवाज झाला. तांबू घसरत जाऊन मागच्या फळीवर आदळली होती. मागचे दोन्ही पाय सोललेले, अंगाला कापरं भरलेलं. तिने नुसतं त्याच्याकडे पाहिलं. देवाने मुक्या जनावराला वाचा दिली नाही, पण डोळे मात्र भरभरून दिलेत. त्याने नजर चुकवली आणि गाडी घराकडे वळवली.

दारात तिला उतरवताना तो बोलून गेला, “गायच हट्टी आहे. आत उड्या मारत होती.”

सगळ्यांनी ते खरं मानलं. ताईने जन्मात पहिल्यांदा तांबूवर हात उगारला. “माझ्या अडचणीच्या वेळीच तुला ही खोड सुचली का ग?”

जखमा सुकत आल्या, तरी तांबू ट्रॉलीच्या फळीवर पाय ठेवीना. ऑपरेशन तोंडावर आलं, तेव्हा एकदा जेवताना दाजी म्हणाले, “काय मेहुणेबुवा, उद्या गुरांचा व्यापारी येतोय. गाडीत न चढणारं जनावर सांभाळणार कोण? देऊन टाकू.”

ताईने हातातला घास खाली ठेवला. “द्या. खोडकर निघाली, तिचं नशीब,” म्हणाली, आणि मनगटाने डोळे पुसले.

खोटं बोलला तो, आणि खोडकर ठरली ती.

“तांबूला खोड नाही,” तो ताटाकडे बघत म्हणाला. “ट्रॉली तिरकी होती. मला दिसत होतं, तरी निघालो.”

ताई कडाडली असती तर बरं वाटलं असतं. ती उठली, लंगडत गोठ्यात गेली. भिंतीपलीकडून तिचा आवाज आला, “चुकलं ग बाई माझं. तुझ्यावर हात उगारला मी.”

क्षमा मागायची होती त्याने, आणि मागत होती ती. त्याला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

दाजींनी व्यापाऱ्याला नको म्हणून कळवलं. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर धाकट्याने तांबूच्या पायांना मलम लावलं आणि दावं सोडलं. उंच पिकअप अंगणात तशीच उभी होती.

ताई उंबऱ्यात आली. “एवढी टेकडी चालत? आणि चौकातून जावं लागेल रे. हसतील तुला.”

“हसू देत, ताई. तिला पोचवीन म्हणालो होतो ना.”

निघण्याआधी तो चार पावलं बाजूला झाला आणि आडवी नजर टाकली. तांबू चारही पायांवर नीट उभी होती. मग त्याने दावं सैल धरलं आणि तिच्या चालीने तो चौकाकडे निघाला.