गाणारी पेटी आणि मुका बोर्ड

माझं डोकं तसं लवकर तापतं, पण विजयादशमीच्या त्या सकाळी ते तापलंही आणि गरगरलंही. आदल्या दुपारी माझा बोर्ड व्यवस्थित चालत होता. मग तो आयुधपूजेला बसला. पूजेतल्या हत्याराला आमच्या कोइमतूरला दुसऱ्या सकाळपर्यंत कुणी हात लावत नाही, मीही लावला नाही. आणि सकाळी बघते तर तांबडा दिवा लागलेला, बाकी सगळं ठार मुकं.

बोर्ड म्हणजे तळहाताएवढा कॉम्प्युटर. त्याच्यासाठी स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम बांधायला मी क्लासात शिकत होते. नको ते सगळं काढून टाकायचं आणि एका कामापुरतं ठेवायचं. माझं काम एवढंच, की वीज गेली आणि परत आली तर नारळाच्या बागेतला पंप बोर्डाने आपोआप सुरू करायचा. बोर्डात घालायच्या नखाएवढ्या मेमरी कार्डाच्याही एका कोपऱ्यात मावेल एवढीशी माझी सिस्टिम बघून अप्पा हसायचे. "एवढ्या मोठ्या कोठारात एक मूठ तांदूळ?"

पण अट त्यांनीच घातली होती. "विजयादशमीला चालवून दाखव, शेडमधलं टेबल तुझं. नाही चाललं, तर शेड कारमेगमला लेथसाठी देतो. मग तुझी नोकरी बघू." आणि तो कारमेगममामा सकाळीच येऊन, चुरमुरे-डाळं चघळत, माझं टेबल वितीने मोजत होता.

"मापं कसली घेताय मामा? मी अजून जिवंत आहे."

"घेऊन ठेवतो गं. चाललं तुझं, तर विसरून जाईन."

एवढ्यात अम्मा आली. "पूंगोडी, जरा बघ ना. माझी पेटी गात नाहीये."

अम्माची पेटी म्हणजे साबणाच्या वडीएवढा स्पीकर. त्यात ताता, म्हणजे अम्माचे वडील, मुरुगन देवाची गाणी म्हणायचे. मामाने कधीतरी जुन्या फोनवर भरून पेटीच्या कार्डात ठेवलेली, तेवढीच. ताता गेले, पण आमच्या सकाळच्या कॉफीला रोज हजर असत.

"अम्मा, इथे माझा जीव टांगणीला लागलाय आणि तुला गाणी सुचतायत?"

मी बोर्ड उचलला. मधल्या चिपवर चंदन आणि वर कुंकवाचा टिळा! "हे काय? यात वीज खेळते, कळतं का तुला?"

"पान्यांना लावलं, लेथच्या टूलला लावलं, स्कूटरला लावलं. तुझ्या एकट्यालाच उपाशी ठेवू?"

मी दात-ओठ खात टिळा पुसला. बोर्ड मुकाच. वायर बदलली. मुकाच. लॅपटॉपवर ज्या खिडकीत बोर्ड आपलं सगळं सांगतो, तिथे अक्षर उमटेना. चुकीचं अक्षर आलं असतं तरी चाललं असतं, निदान भांडायला काहीतरी मिळतं. काल चालत होतं, आज नाही, मधे फक्त देवाची पूजा झाली! आता देवालाच विचारू का, असं झालं मला.

"विचारतेस का फोन करून मास्तरांना?" अप्पांनी हळूच विचारलं. त्यांचा तो हळू आवाज मला जास्त झोंबला.

शेवटी मी ठरवलं, पूजेच्या घाईत कुणीतरी चालू बोर्डाची वीज काढली आणि कार्ड बिघडलं. नव्याने सिस्टिम चढवायची. बोर्डातलं कार्ड लॅपटॉपात घातलं. त्याने विचारलं, यात आधीचं काहीतरी आहे, पुसू का? पूस बाबा, माझंच आहे. झालं.

आणि चालला की! ओळी सरसर धावल्या. अप्पांनी मेन स्विच पाडला, परत चढवला. क्षणभर काही नाही, मग बोर्ड जागा झाला आणि पंप घुमायला लागला. अप्पांनी खिशातून शेडची किल्ली काढून माझ्या हातात दिली. मी नाचायचीच बाकी होते.

"माझी मापं फुकट गेली," मामा म्हणाला.

"झालं ना तुझं? आता माझी पेटी बघ," अम्मा म्हणाली.

मी पेटीचं कार्ड काढून लॅपटॉपात घातलं. त्यात एकही गाणं नव्हतं. माझी सिस्टिम होती, कालची, धडधाकट.

"अम्मा, हे माझं कार्ड तुझ्या पेटीत कसं?"

"तूच म्हणाली होतीस ना, बोर्ड म्हणजे नुसतं शरीर, विद्या सगळी कार्डात. मग बोर्ड ठेवला हत्यारांत आणि कार्ड सरस्वतीपुढे, पुस्तकांवर. गाणंही सरस्वतीचंच, म्हणून माझ्या पेटीचंही ठेवलं. सकाळी ज्याचं त्याला घातलं."

दोन्ही कार्डं काळी. दोन्ही मीच एकाच दुकानातून आणलेली.

"अम्मा, मी तातांना पुसून टाकलं गं," मी म्हणाले आणि रडायलाच लागले. अम्मा तशीच खाली चुरमुऱ्यांच्या सुपाजवळ बसली.

अप्पा टेबलाला धरून उभे होते. "सगळंच पुसलं? तुझं तर मूठभरच होतं ना?"

मूठभर! मी डोळे पुसले. सिस्टिम बसली होती ती कार्डाच्या सुरुवातीला. पुढचं कोठार तसंच पडलेलं असणार, फक्त कुठे काय आहे याची यादी गेलेली. पंप बंद केला, कार्ड काढलं. माझ्या टेबलावरचं पहिलं काम ते झालं. कार्डाचा कण न् कण चाळायला लावला. जेवायला कुणी उठलं नाही.

गाणी सापडली. पहिली काही कायमची गेली. अम्माचं सगळ्यात आवडतं तेवढं अर्धं उरलं होतं. मी पेटी लावली, तर ताता एकदम कडव्याच्या मधूनच सुरू झाले. मला अम्माकडे बघवेना.

तिने पेटी बंद केली. पदराने तोंड पुसलं. गेलेल्या ओळी तिने स्वतःच म्हटल्या, बसक्या आवाजात, सुरुवातीपासून. आणि ताता जिथून सुरू होत ती ओळ आली, तिथे तिने बटण दाबलं. पुढचं ताता म्हणाले.