गोपिकाबाईचं अर्धं वाक्य

मित्रांनो, मी माहितीपट टिपणारा कॅमेरा आहे, आता म्हातारा झालेला. माझ्या भिंगावर ओरखडे पडले आहेत आणि नागपुरात, दामिनीच्या कपाटात, जुन्या चादरींखाली मी पडून असतो. माझी कहाणी गोड नाही. तरी ऐका.

परदेशातल्या एका कारखान्यात मी जन्मलो. दामिनीने मला घरी आणलं तेव्हा मी नवाकोरा होतो. ती मला लेकरासारखं जपायची. उन्हात माझ्यावर आपली ओढणी धरायची. आम्ही टिपलेले माहितीपट टीव्हीवर लागत, लोक वाहवा करत, आणि मला वाटे, आपल्यासारखं भाग्यवान कोणी नाही.

त्या वर्षी निवडणूक जवळ आली होती. नागपूरला लागून असलेल्या बेसा वस्तीत पोरं पळवणारी टोळी फिरते, अशी आवई उठली. एकही मूल हरवलं नव्हतं. तरी घरोघरी शिट्ट्या वाटल्या गेल्या, चौकाचौकात 'सावध राहा' असे फलक लागले. प्रत्येक फलकावर उमेदवार मधुकररावांचा हसरा फोटो होता. भीतीचं हे राजकारण लोकांपुढे मांडायचं, असं दामिनीने ठरवलं. मधुकरराव माझ्यासमोर ऐसपैस बसले आणि म्हणाले, "मॅडम, रस्ता मांगणारा माणूस उलटून प्रश्न विचारते. भेलेला माणूस फक्त पाया पडते."

मौद्याजवळच्या खेड्यातली गोपिकाबाई बेस्यात बोरं विकायला यायची. एका फाटकाशी रडणाऱ्या मुलीच्या हातावर तिने थोडी बोरं ठेवली. तेवढ्यात कोणीतरी शिट्टी फुंकली. माणसं धावली, बायाही धावल्या. तिला लाथा घातल्या, तिचे केस कापले. पोलिसांनी तिला सोडवलं तेव्हा बोरांचा रस्त्यावर चिखल झाला होता.

दामिनी मला घेऊन तिच्या घरी गेली. गोपिकाबाईने पदर तोंडावर ओढला.

"नको वं बाई. झालं ते झालं. मले टीव्हीत नको टाकू."

"मावशी, तुम्ही गप्प राहिलात तर लोक त्यांचंच खरं मानतील," दामिनी म्हणाली.

सून सरितानेही आग्रह केला. "सांगा ना जी, आत्याबाई. तुमी काही चोरी केली का?"

बऱ्याच वेळाने पदर खाली आला. माझ्याकडे बघत गोपिकाबाई म्हणाली, "लोक म्हणतेत, पोरं मीच नेली. पोरं कायची वं बाई? मी तं बोरं विकून राहिली होती."

माहितीपट एका वाहिनीने घेतला. तिथल्या सुमंतने त्याची जाहिरात बनवली. काळा पडदा, धडधडणारं संगीत, मग गोपिकाबाईचा चेहरा आणि तिचे तीन शब्द : "पोरं मीच नेली." खाली अक्षरं : 'रविवारी पाहा.'

दामिनी फोनवर ओरडली, "सुमंत, तिचं बाकीचं बोलणं कुठे गेलं?"

"रविवारी सगळं आहेच ना. अगं, लोक आधी घाबरले तरच टीव्हीसमोर बसतात. तुझाच तर विषय आहे हा."

ती खूप भांडली. पण माहितीपट परत मागणं तिच्याने झालं नाही.

ते तीन शब्द मोबाईलवरून गावोगाव पोचले. शुक्रवारी गोपिकाबाई नातीच्या फ्रॉकसाठी कापड घ्यायला नागपूरच्या गांधीबाग बाजारात गेली. एकाने मोबाईल तिच्या तोंडाशी धरून चेहरा ताडून पाहिला. "हेच ते!" तो ओरडला. या वेळी लाठ्या होत्या. सोबत आलेली सरिता शेजारच्या दुकानातून धावत पोचली तेव्हा सासू दुकानाच्या पायरीशी पडली होती आणि लोक अजून तिचे फोटो काढत होते.

रविवारी माहितीपट लागला. फार गाजला. त्याला बक्षीस मिळालं. मधुकरराव निवडून आले.

काही महिन्यांनी सरिता दामिनीच्या दारात आली. "आत्याबाईचं पुरं बोलणं हाय का तुमच्याजवळ?" तिने विचारलं. दामिनीने माझा छोटा पडदा तिच्यापुढे धरला. सरिताने ते पुन्हा पुन्हा पाहिलं.

"त्यायचा जबडा काही बसला नाही," ती म्हणाली. "आता बोललेलं समजत नाही. गावच्या बाया त्यायले पाहून लेकरं आत घेतेत. मायी पोरगीबी भेते आपल्या आजीले."

"मी माफी मागते, सरिता."

"मले काहून मागता? आत्याबाई तं पयलेच नाही म्हणल्या होत्या." चहा न घेताच ती निघून गेली.

त्याच संध्याकाळी दामिनीने मला कपाटात ठेवलं. आता तिच्याकडे नवा कॅमेरा आहे.

मित्रांनो, माझी धूळ पुसा, असं मी म्हणणार नाही. एवढंच मागतो : कोणाचा चेहरा आणि त्याचे दोन-तीन शब्द तुमच्यापर्यंत आले, तर पुढे पाठवू नका. आधी तो माणूस आणखी काय म्हणाला, ते शोधा. ती जाहिरात अजून फिरते आहे. कदाचित आज तुमच्या घरीही येईल. त्यात एक वाळकी बाई दिसेल, कापलेल्या केसांची. तिचं नाव गोपिका. ती बोरं विकायची.