बुवांचे बारा फोटो

या, जवळ सरका, त्र्याहत्तर सालची एक गोष्ट सांगतो. म्हाताऱ्या निवृत्तीबुवांचा एकही फोटो नव्हता. सोलापूरच्या गिरणीतल्या रामहरीने ठरवलं, मोहोळच्या सप्त्यात काढायचाच. कॅमेरा साधा डबा, देवळात समयांचाच उजेड. म्हणून एकेका फोटोला पाव तास शटर उघडं ठेवून त्याने तीन तासांच्या कीर्तनात बारा फोटो काढले.

रोल धुऊन आला. बाराही फोटोंत बुवा म्हणजे नुसता धूर. पाठीमागचा विणेकरी कोंडीबा मात्र लख्ख.

"बुवा, तुमी कुटंच न्हाय की!" रामहरीचं तोंड पडलं.

"नाचणारा कसा दिसंल, लेका? लाव ह्योच देवळात. चाळीस वर्सं माज्या पाठीमागं असा उभा हाय त्यो. मी आज बघतोय."

बुवांना आठवाल, तेव्हा कोंडीबालाही आठवा, एवढंच मागणं.