ऐरावतावरचे रुमाल

मला लोक संशयी म्हणतात. म्हणू देत. सर्व्हर सांभाळणाऱ्या बाईने संशय घ्यायचा नाही तर काय त्याची आरती करायची? आमच्या घरी तर ठरलेलंच आहे, वासंतीला दुधात माशी दिसली तर ती आधी माशीला विचारेल तू कुणाच्या सांगण्यावरून आलीस, आणि मग दूध ओतून टाकेल. खरं आहे ते. मी तशीच आहे.

सुब्बारावांनी मला बेंगळुरूतल्या बेळ्ळंदूरच्या ऑफिसातून इलेक्ट्रॉनिक सिटीच्या ऑफिसात बोलावून घेतलं ते याच स्वभावापायी. तिथे आमच्या कंपनीचा सगळ्यात मोठा सर्व्हर आहे, त्याचं नाव ऐरावत. गावोगावच्या लॅबमधून रक्ताचे, थुंकीचे, कसले कसले रिपोर्ट येतात, ते पेशंटच्या नावाशी जुळवून हॉस्पिटलांना पाठवायचे, हे त्याचं मुख्य काम. आणि हा ऐरावत गेले काही आठवडे दुपारी चारच्या सुमाराला, रिपोर्टांची गर्दी झाली की गुडघे टेकत होता. त्याची मेमरी संपायची. मेमरी म्हणजे स्वयंपाकाचा ओटा समजा. कपाटात सामान कितीही असो, काम करायला ओट्यावर जागा लागते. ती संपली की ऐरावत स्वतःच एखादा प्रोग्रॅम उचलून बंद करतो, म्हणजे निदान बाकीचे तरी जगतील. आणि रोज बंद पडायचा तो एकच, रिपोर्ट जुळवणारा. मग रिपोर्ट अडकायचे आणि हॉस्पिटलांचे फोन सुरू व्हायचे.

तो प्रोग्रॅम आर्या नावाच्या मुलीने लिहिला होता. नागपूरची पोरगी, नवीन, अजून कायम झालेली नव्हती.

सुब्बाराव तिथले मॅनेजर. आमच्यासारखेच पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूत मुरलेले मराठी. केबिनचं दार लावून घेत मला म्हणाले, "आपल्यातल्या म्हणून सांगतो, वासंतीअक्का. रोज तिचाच प्रोग्रॅम मरतो, म्हणजे तोच मेमरी खातो. सरळ हिशेब आहे. शुक्रवारी तिला ठेवायचं की काढायचं ते ठरवायचंय. तुम्ही स्वल्प दोन ओळी लिहून द्या, विषय संपला."

"दोन ओळी लिहायला मला त्या रिंग रोडच्या ट्रॅफिकमधून इथवर आणलंत होय?"

"तुमच्या सहीला वजन आहे ना."

झालं! माझ्या मनात पाल चुकचुकली. ज्याला उत्तर आधीच माहीत आहे आणि फक्त सही हवी आहे, अशा माणसाचा मला पहिल्यापासून राग. पण खोटं कशाला बोलू, पहिला संशय मीही आर्याचाच घेतला. नवीन मुलांचं काम मला माहीत आहे. मेमरी मागून घेतात आणि परत द्यायची विसरतात.

आर्या माझ्यासमोर येऊन बसली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. तिचे वडील गेल्या वर्षी वारले, आणि नोकरी लागल्यावर तिने आईला नागपूरहून इथे आणलं होतं. इलेक्ट्रॉनिक सिटीतच भाड्याचं घर घेतलं होतं. तिकडचं घर तर सोडूनच दिलं होतं.

"मॅडम, माझा प्रोग्रॅम जेवढी मेमरी घेतो तेवढी परत देतो. मी किती वेळा पाहिलं."

"चोर कधी म्हणतो का, मीच चोरी केली म्हणून?"

तिने मान खाली घातली. म्हणाली, "तुम्हीच पाहा मग. मला इथे कोणी ओळखतही नाही, माझ्या बाजूने कोण बोलणार बाप्पा?"

मी पाहिलं. एक रिकामा सर्व्हर घेतला, त्यावर फक्त तिचा प्रोग्रॅम ठेवला आणि अख्ख्या दिवसाचे रिपोर्ट त्याच्या अंगावर सोडले. समोर खुर्ची टाकून बसले, म्हटलं बघू आता कुठे पाय घसरतो. गर्दी झाली तशी त्याने मेमरी घेतली, गर्दी ओसरली तशी मुकाट्याने परत केली. मी पुन्हा केलं. मग मुद्दाम खराब रिपोर्ट घुसवून केलं. पोरगी खरं बोलत होती. शपथेवर सांगते, मला आनंद कमी आणि चीडच जास्त आली, कारण आता सगळंच नव्याने शोधायचं होतं.

कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं की ऐरावत चोर पकडत नाही. जागा संपली की तो फक्त बघतो, सगळ्यात अंगाने मोठा कोण, आणि त्याला उचलतो. दुपारी चारला गर्दीत अंगाने मोठा आर्याचाच प्रोग्रॅम असायचा, कारण कामच त्याचं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच!

मग चोर कोण? ऐरावतावर जेवढे प्रोग्रॅम चालतात त्या सगळ्यांची मेमरी मी मांडली आणि बेरीज केली. बेरीज जमेना. ऐरावत म्हणत होता माझ्याकडे काही उरलं नाही, आणि सगळे मिळून वापरत होते जेमतेम निम्मी. उरलेली निम्मी मेमरी कुणाच्याच नावावर नव्हती. बाहेरचा कुणी आत शिरून आपलं काही चालवतोय की काय? तसलंही सगळं शोधलं. बाहेरचं कुणी नव्हतं. म्हणजे जे काय होतं ते घरातलंच.

मग मी माणसांकडे बघायला लागले. डेटाबेस सांभाळणारा गुरुदत्त म्हणाला, "भव्याचे ते आलेख तपासा, वरच्या साहेबांना रंगीत चित्रं दाखवायला किती मेमरी लागते बघा." आलेख बनवणारी भव्या म्हणाली, "गुरुदत्त स्वतः राक्षसासारखी खातो आणि माझ्याकडे बोट दाखवतो का?" आणि दोघंही शेवटी एकाच वाक्यावर येऊन थांबले, की आर्या आल्यापासून हे सुरू झालं. एवढ्या एका गोष्टीवर यांचं एकमत! मला ते एकमतच खटकलं.

आणि खटकला किरणकुमार. इथे ऐरावताची देखभाल त्याच्याकडे. गरीब स्वभावाचा, तोंडभरून 'अक्का' म्हणणारा, कुणाला नाही म्हणणं ज्याला जन्मात जमलं नाही असा माणूस. ऐरावत सुरू होताना काय काय सेटिंग वाचतो ते मला दाखव म्हटलं, तर म्हणाला, "सरी अक्का, नाळे देतो." सरी म्हणजे बरं, नाळे म्हणजे उद्या. दुसऱ्या दिवशीही नाळे, तिसऱ्या दिवशीही नाळेच.

त्यात मला आणखी एक दिसलं. किरणकुमार स्वतःची कॉफी आणायला कधी उठतच नव्हता. त्याची कॉफी त्याच्या टेबलावर चालत यायची. सकाळी गुरुदत्त घेऊन यायचा. जेवणानंतर भव्या यायची. आणि एकदा तर मी या डोळ्यांनी पाहिलं, खुद्द सुब्बाराव हातात दोन पेले घेऊन, पायाने दार ढकलत आत आले! हा माणूस स्वतःच्या सासऱ्याला पाण्याचा पेला देणार नाही, आणि याला कॉफी? मी जवळ गेले की बोलणं क्रिकेटवर यायचं. क्रिकेटचा हंगामसुद्धा नव्हता.

मी किरणकुमार जेवायला जाण्याची वाट पाहिली नाही. सरळ त्याच्या टेबलाशी गेले आणि म्हटलं, "ऊठ, मला बसू दे." तो उठला. कपाळाला घाम फुटला होता त्याच्या. मी सेटिंग उघडलं आणि ती ओळ दिसली. ऐरावताला उठल्या उठल्या हुकूम होता, की जवळजवळ निम्मी मेमरी बाजूला काढून ठेव, राखीव. ती मागायची एक खास पद्धत असते. त्या पद्धतीने जो मागेल त्यालाच द्यायची, बाकी कुणी भुकेने मेला तरी हात लावू द्यायचा नाही.

"कुणासाठी ठेवलीस रे?"

"अक्का, कँटीनमध्ये बोलू या का?"

कँटीनच्या कोपऱ्यात त्याने सगळं ओकलं. आधी गुरुदत्त आला होता. म्हणाला, माझ्या डेटाबेससाठी स्वल्प बाजूला ठेव, कुणाला सांगू नकोस. किरणकुमारने ठेवली. भव्याला कुठून तरी वास लागला. ती म्हणाली, त्याला दिलीस तर मलाही स्वल्प दे, पण त्याला कळू देऊ नकोस. तिलाही दिली. मग सुब्बाराव आले. त्यांना पाहुण्या साहेबांपुढे प्रात्यक्षिक दाखवायचं होतं, ऐनवेळी अडायला नको होतं. त्यांची मागणी सगळ्यात मोठी. प्रात्यक्षिक होऊन गेलं, मेमरी राहिली तशीच.

"आणि सगळं मिळून किती झालं ते?"

"बेरीज मी केलीच नाही अक्का. एकेकाला स्वल्पच दिली."

मी कपाळावर हात मारला. "बरं, दिलीस. पण त्यांच्या प्रोग्रॅमना त्या खास पद्धतीने मागायला कुणी शिकवलं?"

कुणीच शिकवलं नव्हतं! राखीव मेमरी जन्मापासून रिकामी पडली होती, आणि तिचे तिन्ही मालक सगळ्यांबरोबर उरलेल्या निम्म्यातच खात होते. सरकारी बसच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात ना, तसं. फक्त रुमाल टाकलाय एका सीटवर, आणि हे बसलेत दुसऱ्याच. नव्या पोरीला रुमाल टाकायचा असतो हेच माहीत नव्हतं. ती उभी राहिली, म्हणून कंडक्टरने तिलाच खाली उतरवलं.

"अक्का, पाया पडतो, माझं नाव घेऊ नका," किरणकुमार म्हणाला. "सगळे माझ्यावर उलटतील."

"तुझ्या भिडेपायी एक पोरगी रस्त्यावर येत होती, ते दिसलं नाही का तुला?" मी एवढ्या जोरात बोलले की इडलीवाल्याने वळून पाहिलं. किरणकुमारच्या डोळ्यांत पाणी आलं. मला त्याची दया आली आणि दया आली म्हणून आणखी राग आला.

शुक्रवारची मीटिंग भर दुपारी होती. सुब्बाराव, गुरुदत्त, भव्या, किरणकुमार, आणि अगदी दाराजवळच्या खुर्चीत आर्या. सुब्बारावांनी घसा साफ केला आणि माझ्याकडे हात केला, जणू आता अक्का दोन ओळी वाचतील.

मी म्हटलं, "आर्याच्या प्रोग्रॅममध्ये दोष नाही. मी तीनतीनदा तपासलाय. ऐरावताची निम्मी मेमरी कुणीतरी अडवून ठेवलीय आणि ती कुणीच वापरत नाही. तिच्यावर कुणाचं नाव नाही. आता माझं म्हणणं सोपं आहे. ज्याची असेल त्याने सांगावं. त्याची मी तशीच ठेवते, वर नीट वापरायलाही शिकवते. जिला मालक नाही ती आत्ता सोडून देते."

गुरुदत्तने फोनमध्ये तोंड घातलं. भव्या सुब्बारावांकडे बघत होती आणि सुब्बाराव छताकडे. बोलावं तर रुमाल आपला हे कबूल करावं लागतं, तेही बाकीच्या दोघांसमोर. झाकली मूठ सव्वा लाखाची.

"गुरुदत्त, तुझी?"

"माझी? नाही."

"भव्या?"

तिने मान हलवली.

"सुब्बारावसाहेब, तुमची नाही ना?"

"छे, छे! माझी कशाला असेल?"

"सरी," म्हणत मी त्यांच्या समोर लॅपटॉपवर हुकूम दिला. ऐरावताने निम्मी मेमरी मोकळी केली. मी म्हटलं, आता चार वाजेपर्यंत इथेच बसू, कुणी उठायचं नाही. चार वाजले. रिपोर्टांची गर्दी झाली, आर्याचा प्रोग्रॅम फुगला, आणि आरामात उतरला. एकही फोन आला नाही. सुब्बारावांना सगळ्यांदेखत तिला कायम करण्याच्या कागदावर सही करावी लागली. आर्या रडली, हसली, लगेच आईला फोन लावला. मला इतकं बरं वाटलं की मी किरणकुमारलाही माफ करून टाकलं.

सोमवारी माझी राहिलेली वायर आणि डबा घ्यायला मी पुन्हा तिथे गेले. किरणकुमारच्या टेबलाशी कुणीतरी पाठमोरं उभं होतं. हातात कॉफीचे दोन पेले. मला आधी भव्या वाटली.

"किरणअण्णा, माझ्यासाठी पण ठेवा ना," आवाज आला. "स्वल्पच. कुणाला सांगू नका."

ती आर्या होती. मला पाहून तिचा चेहरा पांढरा पडला. किरणकुमारने तिच्याकडून घेतलेला पेला तोंडाला लावून डोळे मिटून घेतले.

माझा पारा असा चढला! "अगं कार्टे, याच्याच पायी तुझी नोकरी जात होती ना? शुक्रवारी काय झालं ते डोळ्यांनी पाहिलंस ना? मग तूसुद्धा?"

तिने हातातला दुसरा पेला खाली ठेवला. या वेळी मान खाली घातली नाही.

"पाहिलं ना, ताई. म्हणूनच. सगळ्यांनी अडवून ठेवली होती, त्यांना कोणी काही विचारलं नाही. मी काहीच ठेवलं नव्हतं, तर माझीच चौकशी झाली." मग हळूच म्हणाली, "तुम्ही एवढ्या हुशार. तुम्हीसुद्धा सगळ्यात आधी माझाच प्रोग्रॅम तपासला."

मी डबा घेतला, वायर गुंडाळली. तिने तो खाली ठेवलेला पेला माझ्याकडे सरकवला.

"घ्या ना ताई. गार होईल."