लखीरामच्या गाडीचं स्टेअरिंग

सेवालाल आणि लखीराम या दोघा मित्रांनी एकाच सरकारी लिलावात दोन सारख्या पेट्रोल पिकअप घेतल्या होत्या. गोल दिवे, लाकडी हौदा, दारांना एकच हिरवा रंग. सेवालालची गाडी शेलूबाजारला तूर नेत राहिली, संत्री नेत राहिली. लखीरामच्या गाडीचं इंजिन मेडशीच्या शेतात जाम झालं आणि ती तिथंच थांबली. पुढं लखीराम गेला. त्याची बायको गोमतीबाई हिनं गाडी घरामागं निंबाखाली ओढून आणवली आणि ठेवून दिली. अधूनमधून ओल्या फडक्यानं पुसायची. कोंबडी आत शिरली तर हाकलायची. भंगारवाल्यांना ती दारातूनच परत पाठवायची.

सेवालाल वारल्यावर त्याची गाडी मुलाच्या वाट्याला आली. गोपीचंद पुण्यात नोकरीला होता. बापाच्या गाडीचं इंजिन आता बंद पडलं होतं, आत ट्रॅक्टरची सीट होती, कुठल्या तरी जीपचं स्टेअरिंग होतं, मीटरच्या जागी भोक होतं. त्याच्याकडे लहानपणीचा एक फोटो होता. त्यात बाप गाडीला टेकून उभा होता. त्याला ती गाडी हुबेहूब तशी हवी होती.

"डिझेल इंजिन टाकून देतो," शेलूबाजारचा बादल मिस्त्री म्हणाला. "मंग पाहाचं काम नाई."

"नाही. होतं तेच पायजे. त्याच काळचं."

"तसे पार्ट आता भेटत नाई, भाऊ. एक गाडी हाय मेडशीले. पण ते बाई हात लावू देत नाई."

गोपीचंद बादलला घेऊन मेडशीला गेला. गोमतीबाईनं त्याला लहानपणी कडेवर खेळवलं होतं. तिनं चहा केला, बापाची विचारपूस केल्यासारखं बापाबद्दल बोलत राहिली. मग त्यानं विषय काढला.

"काकी, दोन मेलेल्या गाड्यांतून एक जिती होते. माह्या बापूची अन् काकाची, दोघांचीबी समज."

गोमतीबाईनं निंबाकडे पाहिलं.

"ते म्हणत होते, तुले पोहरादेवीले दर्शनाले नेतो, पुढच्या सीटवर बसवून. राहून गेलं," ती म्हणाली. "तू नेशील?"

"पयले तूच बसशील, काकी. बादल साक्षीले हाय."

बादलनं मान डोलावली.

दुपारभर दोघं गाडी खोलत होते. कार्बोरेटर निघालं, मीटर निघाला, दिव्यांच्या कड्या, स्प्रिंगची सीट, दाराची मूठ. स्टेअरिंग काही केल्या निघेना. शेवटी निघालं तेव्हा गोमतीबाईनं ते हातात घेतलं, पदरानं पुसलं आणि स्वतः नेऊन गोपीचंदच्या कारमध्ये ठेवलं. निंबाखाली नुसता सांगाडा उरला.

त्यानंतर निरोप आला नाही. तिनं सुनेला, रूपाला, दोनदा फोन लावायला सांगितलं. "रंग चालू हाय," गोपीचंद म्हणाला. नंतर तो फोन उचलेनासा झाला.

एक दिवस रूपानंच मोबाइल पुढं धरला. नागपूरला जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरलं होतं. हिरवी पिकअप लखलखत होती, गोपीचंदच्या गळ्यात हार होता आणि तो शुद्ध मराठीत सांगत होता, "प्रत्येक पार्ट त्याच काळातला आहे. अक्षरशः भंगारातून शोधून काढले मी."

"भंगार म्हणते का तो आपल्या गाडीले?" गोमतीबाईनं विचारलं. रूपानं मोबाइल बंद केला.

दिवाळीला गोपीचंद शेलूबाजारच्या घरी आल्याचं कळलं तशी गोमतीबाई एसटीनं निघाली, वाटेत मालेगावला गाडी बदलली आणि शेलूबाजारला उतरली. अंगणात पिकअप कापडाखाली होती. बादल टायरची हवा पाहत होता. गोपीचंदच्या बायकोनं, नितानं, खुर्ची दिली.

"काकी, अगोदर सांगतलं असतं तर!" गोपीचंद बाहेर आला. "चाल, पोहरादेवीले जाऊ. कार काढतो, एसी हाय."

"कारमदी कायले? हे हाय ना."

"हे आता रस्त्यावर काढत नाई मी. दगड उडते, रंग जाते. लई मेहनत हाय तिच्यात."

गोमतीबाईनं कापड वर केलं आणि दाराच्या मुठीला हात घातला.

"हात नको लावू, काकी! डाग पडते."

तिचा हात तिथंच राहिला. मग तिनं तो मागं घेतला.

"बादलभाऊ," ती म्हणाली, "माह्या माणसाचं स्टेअरिंग काढून दे मले. बाकी राहू दे त्याले."

बादलनं पाना उचलला. गोपीचंदनं नुसतं त्याच्याकडे पाहिलं. बादलनं पाना पेटीत ठेवला आणि पेटी बंद केली.

"तू काकीले पयले बसवतो म्हटलं होतं ना?" नितानं नवऱ्याला विचारलं. तो गाडीवर कापड ओढत होता. निता चहा घेऊन बाहेर आली तोवर गोमतीबाई फाटकाबाहेर पडली होती.

निता त्याच्याशी बोलेना. चार-पाच दिवसांनी, पुण्याला परतायच्या आधी, गोपीचंद पिकअप घेऊन मेडशीला आला. गोमतीबाई खळ्यात सोयाबीनच्या गंजीपाशी होती. मळणीयंत्र नुकतंच आलं होतं.

"बस, काकी. तू म्हणशील तिथं नेतो."

"त्या दिवशी मी मांगत होती," ती म्हणाली. "आता मले नाई पायजे."

"चुकलं माह्यं. मी सांगतो सगळ्याईले, काकाच्या गाडीचे पार्ट हाय म्हणून."

"सांग, नाई तं नको सांगू. तुह्या काकाले काय आयकू येते आता?"

"स्टेअरिंग काढून देऊ?"

"अन् काय करू त्याचं? घरात टांगू?"

वस्तीतली पोरं हौद्यावर चढली, धुळीचे पाय घेऊन टपावर गेली. तो त्यांना काही बोलला नाही. यंत्र सुरू झालं, भुसा उडू लागला आणि हिरव्या रंगावर बसू लागला. गोमतीबाई तोंडाला पदर बांधून गंजीकडे गेली. तो पोरांना उतरवून निघून गेला.

पुढच्या आठवड्यात तिनं रूपाकरवी भंगारवाल्याला बोलावलं. त्याच्या माणसांनी मिळून सांगाडा टेम्पोत चढवला. चढवताना काही पत्रा तुटला, मोठा आवाज झाला. गोमतीबाई पाहायला बाहेर आली नाही.