भाऊजींचा कोट

आमच्या लाँड्रीतलं कपडे वाळवायचं मोठं यंत्र चालवणारा प्रोग्रॅम मी लिहिला. पायथन ही कॉम्प्युटरची भाषा शिकून, घरचं सगळं उरकून लिहिला. थोरल्या भाऊजींनी तो माझ्याकडून 'समजून घेतला', स्क्रीनवर स्वतःचं नाव टाकलं आणि सासूबाईंना नेऊन दाखवला. आयत्या बिळावर नागोबा! सासूबाई खूश. ज्याला यंत्र कळतं त्याच्याकडेच मशिनघराचा कारभार द्यायचा, असं त्यांनी जाहीर केलं. मी खरं सांगायला गेले, तर म्हणाल्या, "घरातल्या घरात तुझं-माझं कसलं करतेस?" नवरा पेपरातून डोकं काढेना. त्या दिवसापासून मी भाऊजींवर डूख धरला.

संधी त्यांनीच आणून दिली. माझा प्रोग्रॅम कपडे कोरडे झाले की यंत्र थांबवायचा. भाऊजींना त्यात आपलंही काहीतरी हवं होतं, म्हणून त्यांनी वेळेची मर्यादा घातली. कपडे कोरडे झाले किंवा वेळ संपली, की थांबायचं. कल्पना वाईट नव्हती, ते मी नाकारत नाही. पण पायथनच्या व्हाइल लूपला, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या ओळीला, कधी थांबायचं ते सांगायचं नसतं, कधीपर्यंत फिरायचं ते सांगायचं असतं. कपडे ओले आहेत आणि वेळही शिल्लक आहे, तोवर फिर. म्हणजे तिथे 'अँड' हवं. नवशिके हटकून 'ऑर' लिहितात, कारण त्यांच्या डोक्यात थांबायचं वाक्य घोळत असतं. मग कपडे कोरडे होऊनही वेळ संपेपर्यंत यंत्र फिरत राहतं. हे मी भाऊजींना शिकवलं होतं. तेव्हा ते जांभया देत होते.

"बघ गं जरा," त्यांनी मला स्क्रीनपुढे बोलावलं. "कपडे ओले असतील ऑर वेळ शिल्लक असेल, तोवर फिरायचं. बरोबर ना?"

ते 'ऑर' मला लगेच दिसलं.

"तुम्ही लिहिलंय म्हणजे विचार करूनच लिहिलं असणार, भाऊजी."

"मग! तुला काय वाटलं?"

"आईंसमोर चाचणी घ्याल तेव्हा लोकरीचं काहीतरी घाला. सगळ्यांची खात्री पटेल."

भाऊजींनी स्वतःचा लोकरीचा कोट आणला, चारचौघांत मिरवायचा. वेळ मात्र जाड चादरींचीच ठेवली.

सासूबाई खुर्ची टाकून मशिनघरात बसल्या. थोड्या वेळाने 'कोरडे' असा हिरवा दिवा लागला. ड्रम आपला फिरतोच आहे.

"अरे, दिवा लागला ना?" सासूबाई म्हणाल्या. "मग थांबत का नाही?"

"थांबेल आई. प्रोग्रॅमला कळतं."

करपल्याचा वास यायला लागला. "अहो, ते बटण दाबा की!" जाऊबाई कळवळल्या. यंत्र बंद करायचं लाल बटण भाऊजींच्या हाताशीच होतं, पण ते दाबायचं म्हणजे चूक कबूल करायची. पडलं तरी नाक वर! शेवटी सासूबाईंनीच उठून बटण दाबलं.

कोट बाहेर आला तो आकसून, ताठ होऊन. जाऊबाईंनी तो भाऊजींच्या अंगाला लावून बघितला, तर बाह्या कोपराशीच संपल्या. हसू दाबता दाबता माझा ओठ चावला गेला.

"काय करून ठेवलंस हे?" सासूबाई कडाडल्या.

"मी? मी फक्त एक ओळ घातली!" भाऊजी ओरडले. "बाकी सगळा प्रोग्रॅम हिचा आहे. पहिल्यापासून हिनेच लिहिलाय!"

मी घसा फोडून सांगितलं असतं तरी जे कुणी ऐकलं नसतं, ते त्यांनी आपल्या तोंडाने, आईसमोर आणि बायकोसमोर सांगून टाकलं. जीव असा थंडावला म्हणून सांगू!

सासूबाई माझ्याकडे वळल्या. "ही चूक तुला आधी दिसली होती?"

"दिसली होती."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर कोट वाचला असता, आई. आणि प्रोग्रॅम भाऊजींचाच राहिला असता."

त्यांनी भाऊजींकडून मशिनघराची किल्ली काढून घेतली. मग ती माझ्यापुढे धरली.

"सांभाळ तू. यंत्र तुलाच कळतं," त्या म्हणाल्या. "माझे कपडे मात्र यापुढे तुझ्या हाती नकोत, मी दोरीवर वाळत घालीन."

घाला खुशाल, मी मनात म्हटलं, आणि किल्ली घेतली.