पळीवरचा ताल

“ती फळी खाली ठेव आधी!”

माई मागच्या दारातूनच ओरडली. दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या होत्या, म्हणून तिला फक्त तोंडच वापरता आलं. पण ते पुरेसं होतं. स्टुलावर चढलेला सुतार दचकला आणि त्याने दातांत धरलेला स्क्रू घरंगळत ओट्याखाली गेला.

स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यामधल्या भिंतीत वाढपाची खिडकी होती. सकाळी माई बाजाराला गेली तेव्हा ती उघडी होती. आता निम्मी बुजली होती.

“कोणी सांगितलं तुला हे?”

“मालकांनी.”

“मालक कोण?”

सुताराने जरा विचार केला. “ते... तरुणसे आहेत ते. तुमचे चिरंजीव.”

“आणि मी कोण?”

“तुम्ही माई.” सुतार स्टुलावरून अर्धा उतरला. “तुम्ही आधी आपसात ठरवा बुवा. माझं काय, सांगाल तिथं भोक पाडतो, सांगाल तिथं बुजवतो.”

तेवढ्यात मुलगा हॉलमधून आत आला. हातात नव्या झुलत्या दाराच्या बिजागऱ्या होत्या. आईचं तोंड बघून त्या त्याने पाठीमागे धरल्या, लहानपणी फुटलेली वस्तू धरायचा तशा.

“सांगणारच होतो तुला.”

“कधी? चुना लावून झाल्यावर?”

“आई, ऐकून तर घे. गिऱ्हाइकं तक्रार करतात. जेवताना आतला धूर येतो, भांड्यांचा आवाज येतो. आणि...” तो थांबला.

“आणि काय?”

“लोक तुला घाबरतात.”

“काय?”

“गाणं सुरू झालं की तू खिडकीत पळी उगारून उभी राहतेस. चेहरा असा, जणू कुणी तुझं घर लुटून चाललंय. परवा एक जण मला विचारत होता, ताटात काही उरलं तर या बाई मारतात का?”

सुतार हसला. माईने त्याच्याकडे पाहिलं. सुताराने हसू गिळलं आणि ओट्याखाली स्क्रू शोधायला लागला.

“लोक गाणं ऐकायला येतात, आई. तुझी कढई ऐकायला नाही.”

“गाण्यानं पोट भरत असतं ना, तर तुला दूध पाजायची दगदग कशाला केली असती? अंगाईवरच भागवलं असतं.”

आई चिडली की वाद घालायचा नाही, काम उरकून घ्यायचं, हे मुलगा फार लवकर शिकला होता. त्याने सुताराला मानेने खूण केली. फळी पुन्हा वर गेली.

माईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खरं तर एका वाक्यात तिला सगळं थांबवता आलं असतं. ते वाक्य जिभेच्या टोकावर होतं आणि तिथेच ठेवायचं तिने मनाशी ठरवलं होतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

ते वाक्य असं होतं: तुझ्या बापाला ऐकू येत नाही.

हे हॉटेल लहानच. मोजकी टेबलं, टोकाला गुडघ्याएवढ्या उंचीचं लाकडी स्टेज, आणि स्टेजच्या बरोबर समोर, हॉलच्या दुसऱ्या टोकाला, ही खिडकी. लोक संध्याकाळी येत, जेवत, गाणं ऐकत. गाणारी पुढे उभी राहायची, गिटारवाला तिच्या बाजूला आपल्याच बोटांकडे बघत बसायचा, आणि मागे, सगळ्यांच्या पाठी, ड्रमवर मास्तर. माईचा नवरा. हॉटेल दोघांनी मिळून उभं केलं होतं. त्यांनी स्टेज आणि तिने चूल.

कान कधी जायला लागले, ते मास्तरांनाही नीट सांगता आलं नसतं. आधी पक्षी गेले, मग दाराची बेल, मग फोन. स्वतःचा ड्रम त्यांना अजून कळायचा, हाताला, पायाला, छातीच्या फासळीला. पण गाणारीचा आवाज गेला. ती कुठे थांबली, कुठे लांबवली, कधी पुन्हा उचललं, काही कळेना. एका संध्याकाळी त्यांनी घाबरून समोर पाहिलं तर खिडकीत माई रस्सा ढवळत उभी होती. आत गाणं तिच्या कानावर पडत होतं आणि हात आपोआप त्याच तालात फिरत होता. मास्तरांनी तो हात नजरेने धरून ठेवला, बुडणारा दोर धरतो तसा. गाणं तरलं.

त्यावर दोघं कधी बोलली नाहीत. दुसऱ्या दिवशी गाणं सुरू झालं आणि माई पळी घेऊन खिडकीत येऊन उभी राहिली, एवढंच. पुढे खुणा ठरत गेल्या. गाणारी थांबली की पळी आडवी. तिने चाल संथ केली की पळी छातीशी. आणि एकीकडे डावा हात मासे उलटत असायचा. चेहरा रागीट दिसत असेल तर दिसो. दोन कामं एका वेळी करणाऱ्या बाईचा चेहरा दुसरा कसा दिसणार?

मागच्या महिन्यात मुलगा जेवताना सहज बोलून गेला होता, “बाबांना आता आराम द्यायला हवा. ठेका हल्ली यंत्रावरसुद्धा मिळतो. ते चुकत नाही, दमत नाही.” मास्तर समोरच बसून भात कालवत होते. त्यांनी ऐकलं नाही. दोघांच्या वाटणीचं माईनेच ऐकलं.

दुपारी तिने मास्तरांना हाताला धरून कोठीच्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं. गुपित बोलायचं, तेही बहिऱ्या माणसाशी, म्हणजे हळू बोलून भागत नाही आणि मोठ्याने बोलायची चोरी. भिंतीला कान असतात म्हणतात. या घरात आता भिंतीलाच उरले होते. कांद्यांच्या पोत्यांमध्ये उभं राहून माई ओठ ताणून ताणून बोलायला लागली.

“पोराला सांगा!”

“काय सांडलं?”

“सांगा! खरं काय ते सांगा त्याला!”

मास्तरांनी तिच्या ओठांवरून नजर काढली आणि पोत्याकडे नेली. “ओरडू नकोस.”

“मग ऐका!”

हे बोलल्यावर तिला स्वतःचाच राग आला. मास्तर किंचित हसले, म्हणून मग त्यांचा आला.

“सांगितलं की संपलं,” ते म्हणाले. “उद्यापासून मी दाराशी बसायचं आणि येणाऱ्याला या-बसा करायचं.”

“मग बसा! जग बसतं!”

“तू बसशील? हात धड असताना?”

उत्तर नसलं की तिचा राग दुप्पट व्हायचा.

“संध्याकाळी वाजवणार कसं? खिडकी बंद झालीय.”

“अंगाने. आवाज जमिनीतून येतो वर.”

“जमिनीतून बटाटे येतात.”

मास्तरांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिने तो झटकला नाही, पण घेतलाही नाही.

“एक सांगून ठेवतो,” ते म्हणाले. “बाहेर येऊन माझ्यासमोर हात हलवायचे नाहीत. चारचौघांत मला आंधळ्याची काठी नको.”

“मग इतकी वर्षं मी कोण होते?”

हे त्यांना कळलं नाही, की कळूनही त्यांनी कळलं नाहीसं केलं, हे ओळखायला काही मार्ग नव्हता. बहिरेपणाची ही एक सोय असते. मास्तर दार उघडून निघून गेले. माईने एक कांदा उचलला आणि भिंतीवर फेकून मारला. मग तोच उचलून, पुसून, पोत्यात टाकला. फेकायचा म्हटलं तरी तिच्याच्याने वाया घालवता येत नव्हता, आणि त्याचाही तिला राग आला.

संध्याकाळी हॉल भरला. नवं दार छान झुलत होतं, मुलगा खूश होता. आत माई जाळाशी उभी होती आणि तिच्यासमोर, जिथे रोज दिवे, डोकी आणि टोकाला नवऱ्याचं तोंड दिसायचं, तिथे कोरी फळी होती. फळीला ताज्या लाकडाचा वास येत होता. गाणं दाराखालच्या फटीतून येत होतं, पाणी यावं तसं.

पहिलं गाणं निभावलं. ते उडतं होतं, त्यात कुठे थांबणं नव्हतं. माईने मासे तेलात सोडले.

दुसरं संथ होतं. गाणारीला खोड होती, शेवटच्या ओळीआधी ती थांबायची. किती थांबेल ते तिच्या मनावर. सगळा हॉल श्वास रोखून बसायचा आणि मग ती अलगद ओळ उचलायची. टाळ्या यायच्या त्या तिथेच. आज ती थांबली आणि त्या शांततेत ड्रम चालतच राहिला. ठक्, ठक्, ठक्. माईची पळी आपोआप आडवी झाली, फळीपुढे. फळीला काय त्याचं.

बाहेर कोणीतरी हसलं. गाणारीने ओळ पुन्हा घेतली, तर मास्तरांनी तिला चुकून गाठलं, मग सोडलं, मग ते पुढेच निघून गेले. पुन्हा हशा झाला, या वेळी दोन-तीन टेबलांवर.

दार झुललं. मुलगा आत आला, कपाळावर घाम.

“आई, बाबा प्यायलेत का?”

माईने वळून पाहिलं. “काय म्हणालास?”

“नाही, म्हणजे... काय चाललंय त्यांचं? लोक हसतायत.”

जन्मात थेंबाला न शिवलेल्या माणसाबद्दल त्याच्या पोटच्या पोराने हे विचारावं! माईला वाटलं, कढईच उचलावी. पण तिने पळी उचलली, मदतीला असलेल्या बाईला म्हणाली, “बघ गं जरा,” आणि दार लाथेने ढकलून बाहेर गेली.

तेलाचे डाग पडलेला ॲप्रन, कपाळाला चिकटलेले केस, हातात निथळणारी पळी. टेबलांमधून वाट काढत ती थेट स्टेजसमोर जाऊन उभी राहिली.

“ओ बाई, जरा बाजूला व्हा की,” मागून कोणीतरी म्हणालं. “दिसत नाही.”

“जेवा,” माई मागे न बघता म्हणाली.

तिने पळी वर केली. मास्तरांनी तिला पाहिलं. खिडकीत कमरेपर्यंतच दिसणारी बायको आज अख्खी समोर उभी होती, आणि तिच्या पाठीमागे सगळं जग बघत होतं. त्यांच्या हनुवटीला कंप सुटला. शरमेचा म्हणावा तर डोळ्यांत शरम नव्हती, राग होता. तो माईने ओळखला. तिच्याच घरचा होता. ती पळी हलवत राहिली. बघा, म्हणत होती ती पळी. आता तरी बघा.

मास्तरांनी डोळे मिटून घेतले.

पळी हवेत तशीच राहिली. गाणारीने मागे वळून पाहिलं, गाता गाता अर्ध्यावर थांबली आणि माईक खाली घेतला. मग गिटारवाल्याची बोटं थांबली. ड्रम एकटाच उरला. मास्तरांना त्याचा पत्ता नव्हता. ते गाण्याबरोबर वाजवत होते. गाणं कधीच खाली उतरलं होतं.

पुढच्या टेबलावरचा एक जण फिस्सकन हसला. माई त्याच्याकडे वळली. या वेळी पळी खरोखरच उगारलेली होती. त्याने हसू थांबवलं आणि घाईने पाण्याचा ग्लास तोंडाला लावला.

मुलगा धावत आला. स्टेजवर एक पाय ठेवून त्याने बापाच्या खांद्याकडे हात नेला. माईने त्याचं मनगट पकडलं. कणीक मळून मळून तिच्या बोटांत जे बळ आलं होतं, ते सगळं त्या मनगटावर आलं.

“हात लावायचा नाही.”

“आई, गाणं संपलंय.”

“मला ऐकू येतं.”

तो तिच्याकडे बघत राहिला. मग बापाच्या मिटलेल्या डोळ्यांकडे. मग हॉलच्या टोकाला, भिंतीत बसवलेल्या त्या फळीकडे. आईच्या कानाशी वाकून तो कुजबुजला, “कधीपासून?”

“मोठ्याने विचार. आता कुजबुजायचं कोणापासून?”

त्याने पाय स्टेजवरून खाली घेतला.

मास्तर वाजवत होते. आता त्यांना कोणासाठी थांबायचं नव्हतं, कोणाला गाठायचं नव्हतं. आधी हात चाचपडल्यासारखे चालत होते, ते हळूहळू मोकळे झाले. काठ्या कडेवर आल्या, मधे गेल्या, पुन्हा कडेवर. पायाखालचा मोठा ठोका एका जागी खुंट्यासारखा उभा आणि त्याभोवती हात फिरत होते. टेबलांवरचे ग्लास बारीक किणकिणायला लागले. एका बाईने आपल्या ग्लासवर तळहात ठेवला. हा माणूस असं वाजवतो, हे माईने तळणाच्या आवाजातून तुकड्या-तुकड्यांनी ऐकलं होतं. सलग कधी ऐकलंच नव्हतं. एवढी वर्षं मी याचे कान झाले आणि माझ्या कानांना काय मिळालं, असं तिच्या मनात आलं, आणि तो राग आजचा नव्हता.

जो हसला होता त्याच्या शेजारची खुर्ची तिने फर्रकन ओढली. तो सावरून बसला. माई खुर्चीवर बसली, पळी टेबलक्लॉथवर ठेवली, दोन्ही हात मांडीवर घेतले.

मागे दार झुललं. मदतीच्या बाईने भीत भीत डोकं बाहेर काढलं.

“माई, मासे करपतायत.”

“करपू देत. दार लाव.”

दार लागलं. जळक्या तेलाचा वास हॉलभर पसरायला लागला. एक-दोघांनी नाकाला रुमाल लावले, एकाने उठायला खुर्ची मागे सरकवली. माईने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. तो पुन्हा बसला. स्टेजवर मास्तर डोळे मिटून वाजवत होते, मानेवरून घाम ओघळून सदरा पाठीला चिकटला होता. त्यांनी आपणहून डोळे उघडेपर्यंत या हॉलमधून कोणी उठणार नव्हतं. ते ती बघणार होती.